जीवनावस्था व जीवनकथन

जन्मापासून मृत्यूपर्यंतच्या मानवी आयुष्याचे जे टप्पे समाज व शास्त्र मानतात, त्यांना जीवनावस्था म्हणतात. शैशव, बाल्य, पौगंडावस्था, तारुण्य, प्रौढावस्था व वार्धक्य हे त्यांचे सर्वसाधारण विभाग होत. या अवस्थांतील शारीरिक बदल मोजता येतात. परंतु त्यांतून जाताना व्यक्तीला काय वाटले, कोणते प्रसंग तिला निर्णायक वाटले आणि आपण आता लहान राहिलो नाही हे तिला केव्हा उमगले, हे तिच्या स्वतःच्या कथनावाचून कळत नाही. त्यामुळे मानवी विकासाच्या अभ्यासात मुलाखत व आत्मचिंतन या दोन साधनांना महत्त्व आले. पहिल्या साधनात व्यक्ती दुसऱ्याच्या प्रश्नांना उत्तरे देते, दुसऱ्यात ती स्वतःलाच प्रश्न विचारते. दोहोंतून निष्पन्न होणाऱ्या वृत्तांतास जीवनकथन म्हणता येईल. जीवनावस्थांची कोणतीही योजना कोणाच्या आयुष्यावरून बेतली गेली व कोणाचे आयुष्य तिच्याबाहेर राहिले, हे अशा कथनांमुळे विशेषत्वाने स्पष्ट होते.

पारंपरिक कल्पना : ब्रह्मचर्य, गृहस्थ, वानप्रस्थ व संन्यास ही चार आश्रमांची योजना भारतीय परंपरेत सर्वपरिचित आहे. प्राचीन धर्मसूत्रांत हे आश्रम अध्ययन संपल्यावर स्वीकारावयाचे पर्यायी मार्ग म्हणून आलेले दिसतात. ते क्रमाने आक्रमावयाच्या पायऱ्या होत, ही कल्पना मनुस्मृतीच्या काळापर्यंत दृढ झाली [⟶ आश्रमव्यवस्था]. ही योजना मुख्यतः द्विज पुरुषास उद्देशून आहे. स्त्रिया व शूद्र यांच्या आयुष्याचे टप्पे तीत स्वतंत्रपणे मांडलेले नाहीत.

लोकव्यवहारातील अवस्थाकल्पना याहून वेगळी आहे. सटवाईची पाचवी, बारसे, जावळ, मुंज, न्हाण, लग्न, डोहाळजेवण, साठीशांत, सहस्रचंद्रदर्शन असे विधी आयुष्याचे टप्पे निश्चित करतात. सहस्रचंद्रदर्शन हा सु. ८१ व्या वर्षी, म्हणजे एक हजार पौर्णिमा पाहून झाल्यावर, करावयाचा विधी होय. ‘कळता’, ‘न्हातीधुती’, ‘लग्नाळू’, ‘लेकुरवाळी’ हे मराठी शब्द वर्षांची संख्या सांगत नाहीत. व्यक्तीची समज, तिचा देह व कुटुंबातील तिचे स्थान यांवरून ते अवस्था ठरवितात. मुलाखतीत वयाचा प्रश्न विचारला असता वृद्ध स्त्री वर्षांऐवजी ‘थोरला पोटात होता तेव्हाची गोष्ट’ अशा स्वरूपाचे उत्तर देते, त्याचे कारण हेच आहे.

शास्त्रीय अभ्यासाचा विकास : स्वित्झर्लंडमधील मानसशास्त्रज्ञ झां प्याजे (१८९६–१९८०) यांनी मुलांशी मोकळा संवाद साधून, त्यांच्या उत्तरांवरून पुढचा प्रश्न ठरविण्याची पद्धती विकसित केली व तिच्या आधारे बालकांच्या विचारप्रक्रियेचे टप्पे मांडले. विल्यम टॉमस व फ्लॉरिअन झ्‌नान्येत्स्की यांनी पोलंडमधून अमेरिकेत गेलेल्या शेतकऱ्यांवरील आपल्या ग्रंथात (१९१८–२०) पत्रे व एका स्थलांतरिताचे संपूर्ण आत्मवृत्त यांचा सामाजिक पुरावा म्हणून उपयोग केला. व्हिएन्ना येथील शार्लट ब्यूलर (१८९३–१९७४) यांनी रोजनिशा व चरित्रे यांवरून संपूर्ण जीवनक्रमाचा अभ्यास करणारा ग्रंथ १९३३ मध्ये प्रसिद्ध केला. तोपर्यंत विकासाचा विचार बहुधा बाल्य व पौगंडावस्था यांपाशीच थांबत असे.

एरिक एरिक्सन (१९०२–९४) यांनी १९५० मध्ये आठ अवस्थांची उपपत्ती मांडली. प्रत्येक अवस्थेत व्यक्तीपुढे एक पेच उभा राहतो : शैशवात विश्वास व अविश्वास, पौगंडावस्थेत अस्मिता व भूमिकांचा संभ्रम, तारुण्यात आत्मीयता व एकाकीपणा, प्रौढपणी पुढील पिढीची जोपासना व कुंठितता, तर वार्धक्यात आयुष्याचा स्वीकार व निराशा. मानवी जीवनचक्रावरील परिसंवादासाठी एरिक्सन १९६२ मध्ये अहमदाबाद येथे आले. तेथील गिरणी कामगारांच्या १९१८ मधील संपाच्या साक्षीदारांच्या त्यांनी पुढे मुलाखती घेतल्या व महात्मा गांधींवरील ग्रंथ १९६९ मध्ये प्रसिद्ध केला. वृद्ध साक्षीदार पन्नास वर्षांपूर्वीचा प्रसंग सांगतो तेव्हा त्यात त्याच्या आजच्या अवस्थेचेही प्रतिबिंब पडते, ही गोष्ट त्या अभ्यासात प्रकर्षाने लक्षात आली.

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ डॅन्येल लेव्हिन्सन यांनी ३५ ते ४५ वर्षे वयाच्या ४० पुरुषांच्या प्रदीर्घ मुलाखती घेऊन प्रौढावस्थेतील स्थैर्य व संक्रमण यांचा क्रम सांगितला (१९७८). या क्रमाला स्त्रियांच्या आयुष्याचा आधार नाही, असा आक्षेप घेण्यात आला. ४५ स्त्रियांच्या मुलाखतींवर आधारलेला त्यांचा दुसरा ग्रंथ १९९६ मध्ये निघाला. वृद्धांच्या गतस्मृतींकडे बुद्धिमांद्याचे लक्षण म्हणून पाहण्याची प्रवृत्ती पूर्वी होती. रॉबर्ट बटलर यांनी १९६३ मध्ये या स्मरणास ‘जीवनाचे पुनरवलोकन’ असे संबोधून ते वार्धक्यातील स्वाभाविक व उपयुक्त कार्य असल्याचे प्रतिपादन केले.

मराठीतील जीवनकथने : स्मरणांचे पद्धतशीर संकलन मराठी गद्याच्या प्रारंभापासून आढळते. म्हाइंभटाने सु. १२७८ मध्ये सिद्ध केलेले लीळाचरित्र हे श्रीचक्रधरांच्या सहवासात आलेल्यांना विचारून, त्यांच्या आठवणी पडताळून रचलेले आहे. पुढे मूळ प्रत नष्ट झाल्यावर भक्तांच्या स्मरणातून तिची पुनर्रचना झाली. त्या वेळी एकाच प्रसंगाची भिन्न स्मरणे ‘वासना’ या नावाने शेजारी शेजारी नोंदली गेली. स्मृतिभेद लपवून न ठेवता तो ग्रंथातच राखण्याची ही रीत आधुनिक संशोधकासही आदर्शवत् आहे. सतराव्या शतकात संत बहिणाबाई (१६२८–१७००) यांनी अभंगांतून आपल्या आयुष्याचे व पूर्वजन्मांचे निवेदन केले. तेथे जीवनाचा आरंभ जन्मापाशी होत नाही, हे उल्लेखनीय आहे.

विसाव्या शतकातील आत्मवृत्तांत अवस्थांचा प्रश्न अधिक ठळक होतो. रमाबाई रानडे यांचा विवाह १८७३ मध्ये, त्या सु. ११ वर्षांच्या असताना झाला. आमच्या आयुष्यातील काही आठवणी (१९१०) या त्यांच्या पुस्तकात पतीकडून मिळालेले शिक्षण व त्यास घरातील स्त्रियांचा झालेला विरोध यांचे तपशीलवार चित्र आहे. मात्र पुस्तक न्यायमूर्ती रानडे यांच्या मृत्यूपाशी (१९०१) संपते. पुणे सेवासदनासारखे (१९०९) रमाबाईंचे स्वतःचे सार्वजनिक कार्य त्याच्या कक्षेबाहेर राहते. लक्ष्मीबाई टिळक यांच्या स्मृतिचित्रे (१९३४–३७) या आत्मवृत्तात पतीचे १८९५ मधील धर्मांतर हा आयुष्याची दोन भागांत विभागणी करणारा प्रसंग आहे. आनंदीबाई (बाया) कर्वे यांना बालपणीच विवाहानंतर लवकरच वैधव्य आले. पुढे त्या पंडिता रमाबाईंच्या शारदासदनात शिकल्या व १८९३ मध्ये धोंडो केशव कर्वे यांच्याशी त्यांचा पुनर्विवाह झाला. त्यांच्या माझे पुराण (१९४४) या कथनात बाल्यानंतर पौगंडावस्था न येता वैधव्य ही अवस्था येते व विद्यार्थिदशा तिच्याही नंतर येते. कोणत्याही प्रस्थापित योजनेत हा क्रम सापडत नाही.

महर्षी कर्वे (१८५८–१९६२) यांचे उदाहरण आणखी एका मुद्द्यावर प्रकाश टाकते. त्यांचे आत्मवृत्त १९१५ मध्ये, वयाच्या ५७ व्या वर्षी प्रसिद्ध झाले. महिला विद्यापीठ त्यानंतर वर्षभराने, १९१६ मध्ये स्थापन झाले. ग्रामीण प्राथमिक शिक्षणाच्या प्रसाराचे कार्य त्यांनी ७८ व्या, तर समता संघाचे ८६ व्या वर्षी हाती घेतले. जीवनकथन हे आयुष्याच्या एका बिंदूवरून केलेले असते. पुढील घटनांनी त्याचा अर्थ बदलू शकतो.

दलित आत्मकथनांनी या विचारास वेगळे परिमाण दिले. दया पवार यांच्या बलुतं (१९७८) या पुस्तकात दगडू मारुती पवार आपली कहाणी दया पवार यांना सांगतो. शिकून शहरात स्थिरावलेला लेखक व गावातील महारवाड्यात वाढलेला मुलगा या एकाच व्यक्तीच्या दोन अवस्था येथे समोरासमोर बसल्या आहेत. मुलाखत व आत्मचिंतन या दोन साधनांचा असा संगम विरळा होय. बेबीताई कांबळे यांच्या जिणं आमुचं (१९८६) या पुस्तकात समूहाचे जीवन प्रधान आहे. घरातील जाचाविषयी त्या तेथे फारसे लिहीत नाहीत. इंग्रजी अनुवादासोबत (२००८) छापलेल्या मुलाखतीत मात्र तो विषय येतो. आत्मलेखनात जे सांगितले जात नाही, ते योग्य वेळी योग्य प्रश्न विचारल्यास सांगितले जाते, असे यावरून दिसते. उर्मिला पवार व मीनाक्षी मून यांनी आंबेडकरी चळवळीतील स्त्रियांच्या मुलाखती घेऊन आम्हीही इतिहास घडवला (१९८९) हा ग्रंथ सिद्ध केला. ज्यांनी स्वतः काही लिहून ठेवले नसते, अशा स्त्रियांची जीवने त्यामुळे नोंदली गेली [⟶ आत्मचरित्र].

मुलाखतीचे तंत्र : जीवनकथनाची मुलाखत सहसा एका बैठकीत पूर्ण होत नाही. पहिल्या बैठकीत सांगणाऱ्याने आपल्या क्रमाने बोलावे व नंतरच्या बैठकींत संशोधकाने तपशील विचारावेत, अशी रीत आहे. ‘तुमचे बालपण कसे होते?’ या प्रश्नाला ठरीव उत्तर येते. घरात किती माणसे होती, पहिली मजुरी कोणत्या कामाची मिळाली, ती कोणाच्या हाती दिली, असे ठोस प्रश्न अधिक फलदायी ठरतात. जन्मतारीख ठाऊक नसल्यास सर्वज्ञात घटनांच्या आधारे वयाचा अंदाज बांधतात. १८९६–९७ ची प्लेगची साथ, १९१८ चा इन्फ्ल्यूएंझा, १२ जुलै १९६१ चा पानशेतचा पूर, ११ डिसेंबर १९६७ चा कोयनेचा भूकंप, १९७२ चा दुष्काळ, १९८२ चा मुंबईतील गिरणी संप, २६ जुलै २००५ ची अतिवृष्टी या घटना महाराष्ट्रात अशा खुणा म्हणून उपयोगी पडतात.

वय व काळ यांच्या परिणामांत भेद करणे हा या तंत्रातील सर्वांत अवघड भाग होय. ठाणे–भिवंडी मार्गावर उल्हास नदीच्या काठी वसलेल्या कशेळीसारख्या (ता. भिवंडी, जि. ठाणे) गावाच्या उदाहरणाने तो स्पष्ट करता येईल. या परिसराचे जुने जीवन भातशेती व मासेमारी यांवर आधारलेले होते. नंतर जवळच्या भिवंडीतील यंत्रमागांचा व्यवसाय वाढला आणि अलीकडील दशकांत शेतजमिनींवर मोठ्या प्रमाणात गोदामे उभी राहिली. अशा गावातील एकाच घराच्या तीन पिढ्यांना ‘तुम्ही मोठे केव्हा झालात?’ असे विचारल्यास आजोबांचे उत्तर शेतातील पहिल्या लावणीशी, मुलाचे यंत्रमागावरील पहिल्या पगाराशी व नातवाचे परीक्षेशी किंवा वाहनाच्या परवान्याशी निगडित असू शकते. या भागातील आगरी समाजात लग्नविधींच्या वेळी धवले गाणारी धवलारीण ही स्त्री महत्त्वाची असते. विवाहाने होणारे अवस्थांतर तिच्या गीतांतून साजरे होते. मोठेपणाची एक खूण बदलली तरी दुसरी टिकून राहते, याचे ते उदाहरण होय. तिघांच्या उत्तरांतील फरक वयामुळे पडला, की काळामुळे, हे एकाच्या मुलाखतीवरून सांगता येत नाही. त्यासाठी पिढ्यांची तुलना आवश्यक असते. ग्लेन एल्डर यांनी अमेरिकेतील आर्थिक महामंदीच्या काळात वाढलेल्या मुलांच्या अभ्यासात (१९७४) एकच आपत्ती ज्या वयात भोगावी लागते, त्या वयानुसार तिचे परिणाम कसे बदलतात, या प्रश्नाचा पाया घातला.

अवस्थांच्या सीमा कायद्यानेही हलतात. मुलींच्या विवाहाचे किमान वय १९२९ च्या कायद्याने १४ वर्षे ठरले. १९७८ च्या दुरुस्तीने ते १८ झाले. शाळा व विवाह यांच्या दरम्यान मुलींच्या वाट्याला आलेली किशोरावस्था ही या दृष्टीने बऱ्याच अंशी आधुनिक घटना आहे. वार्धक्याचेही तसेच आहे : स्वातंत्र्याच्या सुमारास भारतातील सरासरी आयुर्मान सु. ३२ वर्षे होते. ते आता सु. ७० वर्षे झाले आहे. बालमृत्यू घटल्याचा त्यात मोठा वाटा असला, तरी दीर्घ वार्धक्य ही आता बहुसंख्यांच्या अनुभवाची गोष्ट झाली आहे.

मर्यादा व दक्षता : स्मृती ही घटनांची जशीच्या तशी नोंद नव्हे. साधारणतः साडेतीन वर्षांपूर्वीचे प्रसंग प्रौढपणी आठवत नाहीत. चाळिशीनंतरच्या व्यक्तींना १० ते ३० या वयातील प्रसंग प्रमाणाबाहेर अधिक आठवतात. शिवाय सांगणारा आपल्या आयुष्याला सुसंगत आकार देऊ पाहतो व ऐकणाऱ्याचे लिंग, जात, वय व अधिकार यांनुसार कथन बदलते. सासूच्या उपस्थितीत सुनेने दिलेली उत्तरे एकांतातील उत्तरांहून वेगळी असणे स्वाभाविक आहे. म्हणून कथन हे कागदपत्रांशी व इतरांच्या साक्षींशी ताडून पाहतात. त्याच व्यक्तींचा अनेक वर्षे मागोवा घेणारी अनुदैर्घ्य पद्धती याला पूरक असते. पुण्यातील के. ई. एम. रुग्णालयातर्फे जवळच्या सहा गावांत १९९३ मध्ये सुरू झालेला माता-पोषणाचा अभ्यास हे तिचे एक उदाहरण होय. मातेच्या गर्भारपणातील आहारापासून मुलाच्या तारुण्यापर्यंतच्या शारीरिक नोंदी त्यात ठेवल्या गेल्या. अशा नोंदींत विस्मृतीला वाव नसतो; परंतु त्या आयुष्याचा जगणाऱ्याला लागलेला अर्थही त्यांत आपोआप येत नाही.

कथन देणाऱ्याची संमती, नावाची गुप्तता व नको असलेला विषय थांबविण्याचा त्याचा हक्क ही या अभ्यासाची आवश्यक पथ्ये आहेत. जुने दुःख उकरून काढून ते तसेच सोडून देणे अपायकारक ठरू शकते. सांगितलेला वृत्तांत कथनकर्त्यास वाचून दाखवावा व त्याला दुरुस्तीची संधी द्यावी, असे मानले जाते. पुष्कळदा तो या वेळी मजकूर न बदलता त्यात भर घालतो. अभ्यासास सर्वाधिक उपयोगी ठरणारी माहिती अनेकदा या भरीतूनच मिळते.