दु:खाला मज्जाव नाही

२ नोव्हेंबर हा कॅथलिक ख्रिस्ती समाजात मृतांच्या स्मरणाचा दिवस. वसईतही या दिवशी कुटुंबे दफनभूमीत जातात. कबरींवर फुले वाहतात, मेणबत्त्या लावतात. ही तारीख रूढ करण्याचे श्रेय हजार वर्षांपूर्वीच्या, फ्रान्समधील क्लुनी मठाचे प्रमुख संत ओडिलो यांच्याकडे जाते.

सांत्वनाला येणारे पुष्कळदा ‘श्रद्धा आहे ना, मग रडू नका’ असे म्हणतात. हेतू चांगला असतो, पण शुभवर्तमान तसे सांगत नाही. योहानाच्या अकराव्या अध्यायात येशू लाजराच्या कबरीपाशी येतो. आपण त्याला उठविणार आहोत, हे त्याला ठाऊक आहे. तरीही मरीयेला रडताना पाहून तो स्वत: रडतो. थेस्सलनीकाकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्रात पौलही शोक निषिद्ध ठरवत नाही. आशा नसलेल्यांसारखा शोक करू नका, एवढेच तो सुचवितो. ही आशा म्हणजे विस्मरण नव्हे. ख्रिस्ताच्या पुनरुत्थानात मृतांचाही वाटा आहे, हा विश्वास होय.

दफनभूमीला इंग्रजीत ‘सेमेटरी’ म्हणतात. त्या शब्दाच्या ग्रीक मुळाचा अर्थ आहे, निजण्याची जागा.