शिनचॅन आईच्या माहेरी

नारुतोच्या गेमवर लिहायचं ठरलं होतं, पण ते आज नाही. तो मजकूर अर्धाअधिक तयार आहे, पण मध्येच सांगलीच्या एका वाचक बाईंचं पत्र आलं आणि गाडी तिकडे वळली. त्या म्हणतात, तुमच्या सदरातले सगळे गेम मारामारीचे. गोकू काय, लुफी काय, जो तो दुसऱ्याला बुकलतोय. माझी मुलं डोरेमॉन आणि शिनचॅन बघत मोठी होताहेत, त्यांच्यासाठी काही आहे की नाही? आणि असलंच तर पैसे घालण्यासारखं आहे का?

आहे. आतापर्यंत इथे ज्यांची नावं घेतली त्यांतल्या बऱ्याच गेमपेक्षा शिनचॅन आणि डोरेमॉनचे हे दोन मला जास्त प्रिय आहेत. नारुतोवाल्यांनी आठवडाभर दम धरावा.

शिनचॅनपासून सुरुवात करतो, कारण आपल्याकडे तो घराघरांत आहे आणि घराघरांत बदनामही आहे. 'हंगामा' वाहिनीवर तो लागायला लागला तेव्हा आयांनी इतका धसका घेतला, की २००८ साली केंद्र सरकारने मालिकेवर बंदीच आणली. पुढे काटछाट होऊन ती परतली. आयांचं अगदीच चुकलं होतं असंही नाही. योशितो उसुई यांनी १९९० मध्ये हे कार्टं पहिल्यांदा काढलं ते मोठ्यांच्या साप्ताहिकासाठी. पाच वर्षांच्या पोराच्या तोंडून मोठ्यांची फजिती करायची, ही त्यातली गंमत. पोरांनी तो आपला मानला तो नंतर, १९९२ मध्ये टीव्हीवर आल्यावर.

आता अशा पात्राचा गेम काढायला सांगितलं तर कुणीही काय करेल? धावाधाव, उड्या, चड्डी खाली करून नाच, आणि शेवटी त्याचा लाडका सुपरहिरो ॲक्शन कामेन याच्याबरोबर एखाद्या राक्षसाशी झुंज. असले शिनचॅनचे गेम जपानात खंडीभर निघाले. २०२१ च्या जुलैमध्ये निन्टेन्डोच्या स्विचवर आलेला गेम मात्र वेगळाच निघाला, आणि त्याचं कारण म्हणजे तो बनवणारा माणूस.

काझ आयाबे हे त्याचं नाव. २००० साली त्याने प्लेस्टेशनवर 'बोकु नो नात्सुयासुमी', म्हणजे 'माझी उन्हाळ्याची सुट्टी', नावाचा गेम काढला होता. १९७५ चा ऑगस्ट महिना. शहरातला नऊ वर्षांचा मुलगा काका-काकूंकडे खेड्यात राहायला येतो. एकतीस दिवस. किडे पकडायचे, मासे धरायचे, डोंगर धुंडाळायचा, संध्याकाळी जेवायला घरी यायचं आणि झोपण्यापूर्वी चित्रांची रोजनिशी लिहायची. जिंकायचं काही नाही, हरायचंही नाही. महिना संपला की सुट्टी संपली. जपानात या गेमला लोकांनी इतका जीव लावला, की प्लेस्टेशनच्या पुढच्या यंत्रांवर त्याचे आणखी तीन भाग निघाले. जपानबाहेर मात्र त्यांतला एकही अधिकृतपणे इंग्रजीत आला नाही.

याच आयाबेच्या हाती पुढे शिनचॅन दिला गेला. त्याने काय केलं असेल? शिनचॅनसाठी नवं काही रचलंच नाही. त्याला उचललं आणि आपल्या जुन्या सुट्टीत नेऊन सोडलं. मालिकेतली शिनचॅनची आई मिसाए मूळची क्युशू बेटावरच्या कुमामोतोकडची. तेव्हा त्याचं नोहारा कुटुंब तिच्या माहेरच्या मुलखात, आस्सो नावाच्या काल्पनिक गावी, तिच्या बालमैत्रिणीच्या घरी मुक्कामाला जातं. वाटेत एक विक्षिप्त प्राध्यापक शिनचॅनच्या हाती एक अजब कॅमेरा देतो. पुढे गावात डायनासोर हिंडू लागतात आणि सात दिवसांचा आठवडा संपता संपेना. गेमच्या उपशीर्षकातली 'न संपणारी सात दिवसांची सफर' ती हीच.

डायनासोर ऐकून पोरांचे कान टवकारतील, पण गेमचा जीव त्यात नाही. जीव आहे तो दुपारी. हाताने रंगवल्यासारखी भाताची खाचरं, मागे डोंगर, रातकिड्यांचा आणि सिकाड्यांचा आवाज, आणि त्या प्रचंड चित्राच्या एका कोपऱ्यात पळणारा इवलासा शिनचॅन. कॅमेरा त्याच्या पाठीमागे धावत नाही. तो एका जागी बसून असतो, शिनचॅन चित्रात येतो आणि चित्रातून जातो. जाळं घेऊन किडे पकडावेत, गळ टाकावा, भाजी लावावी, गावातल्या डबघाईला आलेल्या वर्तमानपत्राला बातम्या पुरवाव्यात. मे महिन्यात आजोळी जाऊन दिवसभर उंडारलेल्या माणसाला यातलं काहीही समजावून सांगावं लागत नाही.

आणि शिनचॅन तिथे शोभतो. तो वाह्यात आहे, पण मुळात बघ्या आहे. मोठ्यांकडे टक लावून बघायचं आणि नको ते बोलायचं, हा त्याचा धर्म. नोहारा कुटुंबाच्या गोष्टी बारकाईने पाहिल्या तर त्यांतही तेच आहे: बाजार, जेवण, बापाची बिअर, आईची कटकट. आयाबेने मालिकेतला गोंगाट बाजूला ठेवून तिच्यातलं घर उचललं.

इथे माझा जुना हेका पुन्हा एकदा. ॲनिमेवरचा गेम घ्यायचा की नाही हे ठरवताना वेष्टनावरचा चेहरा बघू नका, बनवणारा कोण ते बघा. त्याने स्वतःच्या नावावर आधी काय केलंय? चांगले गेम बहुतेक वेळा नव्याने बांधलेले नसतातच. आधीच बांधून, राहून, पक्क्या झालेल्या घरात ॲनिमेतलं पात्र भाडेकरू म्हणून येतं. आर्क सिस्टम वर्क्सने 'गिल्टी गियर' या आपल्या मारामारीच्या गेमवर वर्षानुवर्षं हात बसवला, मग गोकूला बोलावलं. 'याकुझा' गेमवाल्यांनी २०१८ मध्ये ॲनिमेतल्या केनशिरोला आपल्या रात्रीच्या शहरात आणलं आणि त्या धिप्पाड माणसाला चक्क बारच्या गल्ल्यामागे कॉकटेल हलवायला उभं केलं. उलट २०१९ चा 'जम्प फोर्स' बघा. शोनेन जम्प साप्ताहिकाच्या पन्नाशीनिमित्त डझनावारी नायक एकत्र कोंबले, त्यांचे चेहरे मेणाच्या बाहुल्यांसारखे केले, आणि त्यांना राहायला घरच दिलं नाही. तीन वर्षांत तो ऑनलाइन दुकानांतून उतरवला गेला.

डोरेमॉनची गोष्ट याच जातीची. 'स्टोरी ऑफ सीझन्स' ही शेतीच्या गेमची मालिका जपानात १९९६ पासून चालू आहे. नांगरा, पेरा, पाणी घाला, गाई पाळा, गावकऱ्यांशी जुळवून घ्या. २०१९ मध्ये तिथे नोबिता आला. वादळात सापडून नोबिता-डोरेमॉनची टोळी भलत्याच गावात पडते, डोरेमॉनची यंत्रं हरवतात, आणि नोबिताच्या हाती फावडं येतं. यातली एक गोष्ट मला फार आवडते. शेतीच्या गेममध्ये ताकद संपली की दिवस संपला, हा सर्वसाधारण नियम. इथे दमलेला नोबिता एक बटण दाबलं की जिथे आहे तिथेच पडून डुलकी काढतो आणि ताजातवाना होतो. अख्ख्या मालिकेत ज्या आळशीपणावरून त्याने आईची बोलणी खाल्ली, तोच इथे त्याचा सगळ्यात मोठा गुण. पात्राचा स्वभाव असा खेळाच्या नियमात उतरला, की बनवणाऱ्याने मालिका नुसती विकत घेतलेली नाही, बघितलीही आहे हे कळतं.

तरी बाईंना दोन गोष्टी आधीच सांगून ठेवतो. डोरेमॉनचा गेम सुरुवातीला फार रेंगाळतो. हे बघ, ते शिक, अमक्याला भेट, असं करत करत शेत हातात यायला बराच वेळ जातो आणि दहा वर्षांचं पोर तोवर उठून जाऊ शकतं. शिवाय इंग्रजी आवृत्तीत नोबिताचा नोबी झालाय, शिझुकाची सू, जियानचा बिग जी. आपली पोरं यावरून भांडण काढतील. शिनचॅनमध्ये बोलणं जपानी आणि खाली इंग्रजी अक्षरं. हिंदीतला तो चिरका आवाज ऐकायची सवय असलेल्यांना पहिला तासभर चुकल्याचुकल्यासारखं होईल, आणि लहानग्यांना वाचून दाखवायला कुणीतरी शेजारी बसावं लागेल. गेम लहानसुद्धा आहे. दोन-तीन सुट्टीच्या दिवसांत संपतो, आणि पूर्ण किमतीला घेतला तर ते टोचतं.

दोन्ही संगणकावर मिळतात, स्विच पाहिजेच असं नाही, आणि स्टीम या ऑनलाइन दुकानात सवलतीच्या दिवसांत किंमत बरीच उतरते. दोघांतला एकच घ्यायचा असेल तर आधी शिनचॅन. डोरेमॉन रोज थोडं थोडं खेळण्याचा धीर असलेल्या मुलासाठी, किंवा खरं सांगायचं तर त्याच्या आईसाठी.

आयाबेने पुढे २०२३ मध्ये 'नात्सु-मोन' नावाचा आणखी एक सुट्टीचा गेम केला, त्यात कुठलंच उसनं पात्र नाही. शिनचॅनचा पुढचा गेम मात्र दुसऱ्यांनी बनवला आणि त्याला बापाच्या मुलखात, अकिताला, नेलं. त्या दोघांची तुलना करायला हात शिवशिवताहेत, पण आधी नारुतोची उधारी फेडतो.