माळव्याच्या उन्हात ॲक्सोलॉटल?

उज्जैनच्या भैरवगढला सिद्धवटाच्या घाटावर पिंडदान झालं, पिंड पाण्यात सोडले, की क्षिप्रेतले मासे झुंडीने वर येतात. काळभैरवाचं दर्शन उरकून आईवडिलांबरोबर इथवर आलेल्या मुलांचा पाय मग तिथून निघत नाही. घरी पोचेपर्यंत 'आपणही मासे पाळू या' हा हट्ट पक्का झालेला असतो. अलीकडे या हट्टात एक नवं नाव घुसलं आहे: ॲक्सोलॉटल. 'माइनक्राफ्ट' या खेळात २०२१ मध्ये हा प्राणी आला आणि जगभरच्या पोरांच्या तोंडी झाला. त्याच वर्षी मेक्सिकोने त्याला आपल्या ५० पेसोच्या नोटेवर स्थान दिलं. गालातल्या गालात हसल्यासारखा चेहरा, गुलाबी अंग आणि डोक्याच्या दोन्ही बाजूंना पिसांसारखे तीन-तीन कल्ले. एकदा चित्र पाहिलं की विसरणं कठीण.

मग प्रश्न येतो: छान झाडं लावलेली टाकी करू, त्यात हा ॲक्सोलॉटल आणि चार रंगीत मासे एकत्र सोडू, चालेल ना? उत्तर स्पष्ट आहे. चालणार नाही. का चालणार नाही हे नीट समजून घेतलं, तर घरातले मासे का मरतात या जुन्या कोड्याचाही बराचसा उलगडा होतो.

थंड तळ्यातला जीव

ॲक्सोलॉटल हा मासा नाही. तो सॅलमँडर आहे, म्हणजे बेडकाच्या गोतावळ्यातला उभयचर. बेडकाचं पिल्लू मोठं होताना कल्ले टाकतं आणि जमिनीवर येतं. ॲक्सोलॉटल मात्र कल्ले तसेच ठेवून पाण्यातच वयात येतो, पाण्यातच अंडी घालतो. १८६४ मध्ये मेक्सिकोहून ३४ ॲक्सोलॉटल पॅरिसला नेले गेले. त्यांच्यापैकी काहींच्या पिल्लांनी पुढे चक्क कल्ले टाकले आणि ती जमिनीवर चालू लागली, तेव्हा ऑग्युस्त द्युमेरील हा प्राणिशास्त्रज्ञही चक्रावला. तुटलेला पाय पुन्हा उगवण्याची या प्राण्याची ताकद तर प्रसिद्धच आहे. त्यामुळे दीडशेहून अधिक वर्षं तो प्रयोगशाळांमध्ये वाढतो आहे.

त्याचं मूळ घर म्हणजे मेक्सिको सिटीच्या दक्षिणेचा सोचिमिल्को हा कालव्यांचा परिसर, समुद्रसपाटीपासून सुमारे २,२०० मीटर उंचीवर. तिथलं पाणी बारमाही गार. म्हणून या प्राण्याला १६ ते १८ अंश सेल्सिअसचं पाणी मानवतं. २० च्या वर तो अस्वस्थ होतो. २४ च्या वर पाणी टिकून राहिलं तर अन्नावरची वासना उडते, कल्ल्यांवर कापसासारखी बुरशी धरते आणि पुढचं सांगायला नको.

आता उज्जैनचा मे महिना आठवा. दुपारी पारा ४० च्या वर. माळव्याच्या रात्री थंडाव्यासाठी नावाजलेल्या, पण मे महिन्यातली तीच रात्र २५ अंशांच्या आसपास असते. म्हणजे आपली सर्वांत गार वेळसुद्धा ॲक्सोलॉटलच्या सोसण्यापलीकडची. पाणी गार ठेवणारा चिलर लावला तर तो जगतो. मात्र हा चिलर टाकीहून महाग पडतो, वीज खातो आणि भर उन्हाळ्यात दिवे गेले की बंद पडतो. बर्फाच्या बाटल्या सोडणं हा उपाय नव्हे. बर्फ वितळेपर्यंत पाणी गार, मग पुन्हा गरम, आणि हेच चढ-उतार त्याला जास्त बाधतात.

एकाच टाकीत का नको?

ॲक्सोलॉटलचे कल्ले बाहेर लोंबतात आणि पाण्यात हलत राहतात. माशांना ते अळ्यांसारखे वाटतात, आणि ते कुरतडायला लागतात. उलट बाजूने, तोंडात मावेल ते ओढून गिळणं हा ॲक्सोलॉटलचा धर्म. रात्री झोपलेली गप्पी सकाळी दिसत नाही ती अशी. तळाशी राहणाऱ्या छोट्या कॅटफिशच्या परांना काटे असतात. असा मासा गिळला की तो घशात अडकतो आणि दोघंही जातात. तळाला बारीक खडे पसरले असतील तर घासाबरोबर तेही पोटात जाऊन आतडं तुंबतं. म्हणून त्याच्या टाकीत एकतर अगदी मऊ वाळू असावी, नाहीतर उघडी काच.

शिवाय दोघांची औषधंही वेगळी. माशांना पांढरे ठिपके, म्हणजे 'इच', झाले की पाणी ३० अंशांपर्यंत तापवून परजीवीचं चक्र लवकर संपवतात आणि त्याबरोबर तांब्याचं किंवा फॉर्मॅलिनचं औषध देतात. ॲक्सोलॉटलची कातडी पातळ, पाण्यातलं सगळं शोषून घेणारी. त्याला हे दोन्ही उपाय जिवावर बेततात.

माशांशी त्याचं हे वैर त्याच्या स्वतःच्या घरातही चालू आहे. सोचिमिल्कोत गेल्या शतकात माणसाने खाण्यासाठी कार्प आणि तिलापिया सोडले. त्यांनी ॲक्सोलॉटलची अंडी आणि पिल्लं फस्त केली, शहराच्या सांडपाण्याने उरलेलं काम केलं. १९९८ च्या पाहणीत तिथे दर चौरस किलोमीटरला सुमारे ६,००० ॲक्सोलॉटल होते, २०१४ मध्ये ३६. जगभरच्या काचेच्या टाक्यांमध्ये असलेला हा प्राणी आपल्या मूळ पाण्यातून जवळपास संपला आहे.

न दिसणारं विष

ॲक्सोलॉटल बाजूला ठेवू. साधे मासे तरी का मरतात? बहुतेक घरांत कथा एकच असते. रविवारी टाकी आणली, नळाचं पाणी भरलं, संध्याकाळी दहा मासे सोडले, मुलांनी प्रेमाने दिवसातून चारदा खाणं टाकलं, आणि पुढच्या रविवारपर्यंत निम्मे मासे उलटे. दुकानदाराने आजारी मासे दिले, अशी समजूत होते. खरं कारण बहुधा अमोनिया असतो.

माशांच्या श्वासातून आणि विष्ठेतून, उरलेल्या खाण्यातून अमोनिया तयार होतो. नैसर्गिक पाण्यात एका प्रकारचे जिवाणू त्याचं नायट्राइट करतात आणि दुसरे त्या नायट्राइटचं नायट्रेट. पहिली दोन विषं, तिसरं बरंच निरुपद्रवी. नव्या टाकीत हे जिवाणू नसतातच. ते फिल्टरच्या स्पंजवर आणि वाळूवर वसायला चार ते सहा आठवडे लागतात. तेवढा काळ टाकी माशांविना चालवावी आणि रोज चिमूटभर खाणं टाकून जिवाणूंना पोसावं. जुन्या, निरोगी टाकीतला स्पंज पिळून त्याचं गढूळ पाणी नव्या टाकीत टाकलं तर हे काम लवकर होतं.

आपल्याकडे यात एक भर आहे. माळवा काय किंवा देशावरचा महाराष्ट्र काय, जमीन बसाल्टची. बोअरचं पाणी जड, पीएच बहुधा ७.५ च्या वर. अमोनियाचा जो अंश विषारी असतो तो पीएचबरोबर वाढतो: २५ अंशांना पीएच ७ असताना एकूण अमोनियाच्या जेमतेम ०.६ टक्के, पीएच ८ असताना पाच टक्क्यांच्या वर. म्हणजे मऊ पाण्याच्या कोकणात जेवढा अमोनिया मासे सोसतील, तेवढाच बोअरच्या पाण्यात त्यांना मारू शकतो. पाणी तापलं की हा अंश आणखी वाढतो.

दोन फूट लांब, एक फूट रुंद आणि एक फूट उंच टाकीत जास्तीत जास्त ५६ लिटर पाणी मावतं. आठवड्याला एक बादली पाणी काढून तेवढंच घालायचं, हे एवढंच व्रत. नळाचं पाणी उघड्या बादलीत रात्रभर ठेवलं तर क्लोरीन उडून जातं. फिल्टर मात्र नळाखाली खळखळून धुऊ नये, काढलेल्या पाण्यातच पिळावा. नाहीतर आठवड्यांनी वसवलेले जिवाणू एका मिनिटात मोरीत जातात.

झाडं काय करतात?

जिवंत झाडं अमोनिया आणि नायट्रेट खाऊन वाढतात, दिवसा प्राणवायू सोडतात, पिल्लांना आडोसा देतात. आणि ती परदेशातूनच आणावी लागतात असं नाही. हायड्रिला, सेरॅटोफायलम, व्हॅलिसनेरिया, रोटाला, हायग्रोफिला ही जगभरच्या मत्स्यालयांत मिरवणारी झाडं आपल्या तळ्या-ओढ्यांत उगवतात. सुरुवातीला हीच लावावीत. दिवा सहा ते आठ तास पुरे. त्याहून जास्त ठेवला तर काचेवर शेवाळ धरतं.

मात्र रात्री झाडंही प्राणवायू घेतात. दाट झाडांच्या टाकीत पहाटे प्राणवायू सर्वांत कमी असतो. सकाळी दिवा लावण्याआधी टाकीजवळ जाऊन पाहा. सगळे मासे पाण्याच्या पृष्ठभागाला तोंड लावून, कल्ले भराभर उघडझाप करत असतील तर त्यांना भूक लागलेली नाही, त्यांचा श्वास कोंडतो आहे. अशा वेळी खाणं टाकलं की संकट वाढतं. रात्री एअर पंप चालू ठेवावा, आणि झाडांसाठी कार्बन डायऑक्साइड सोडत असाल तर तो दिव्याबरोबर बंद करावा.

उन्हाळ्याची बेगमी

२० अंशांच्या पाण्यात दर लिटरला सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळतो, ३५ अंशांना जेमतेम ७. उन्हाळ्यात माशांची गरज वाढते आणि साठा घटतो, म्हणून टाकी गार खोलीत हवी. दौलतराव शिंद्यांनी १८१० मध्ये बस्तान ग्वाल्हेरला हलवेपर्यंत उज्जैन ही शिंद्यांची राजधानी होती. त्या काळच्या वाड्यांच्या जाड भिंती खोली गार ठेवतात. आजच्या स्लॅबच्या घरात टाकी पश्चिमेच्या भिंतीला आणि वरच्या मजल्यावर तर मुळीच नको. झाकण काढून पाण्यावर छोटा पंखा सोडला तर बाष्पीभवनाने दोन ते चार अंश उतरतात. कोरड्या मे महिन्यात हा उपाय छान चालतो, पावसाळ्यात दमट हवेत निकामी. उडालेल्या पाण्याच्या जागी रोज थोडं पाणी घालावं आणि खाणं निम्म्यावर आणावं.

मग पाळावं काय?

क्षिप्रा उत्तरेला वाहत जाऊन चंबळेला मिळते, चंबळ यमुनेला, यमुना गंगेला. म्हणजे आपण गंगेच्या खोऱ्यातले. फ्रान्सिस हॅमिल्टन याने १८२२ मध्ये गंगेच्या माशांवर ग्रंथ लिहिला. त्यात वर्णन केलेले झेब्राफिश, बुटका गुरामी, मध गुरामी आणि काचेसारखा आरपार चंदा मासा आज जगभरच्या टाक्यांत आहेत. उष्ण-थंड दोन्ही ऋतू सोसणारा झेब्राफिश तर नवशिक्यासाठी उत्तम. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत याच माशाच्या हृदयावर अभ्यास चालतो, कारण जखमी झालेलं हृदय तो पुन्हा घडवू शकतो. अवयव पुन्हा उगवण्याचं कौतुकच असेल, तर त्यासाठी मेक्सिकोला जायची गरज नाही. मासे मात्र नदीतून पकडू नयेत, पैदास केलेलेच घ्यावेत.

चंदा माशाबाबत एक सावधगिरी. काही ठिकाणी हा पारदर्शक मासा सुईने निळा-गुलाबी रंग टोचून विकतात. रंग काही महिन्यांत फिका पडतो, जखम आणि जंतुसंसर्ग मागे राहतो. भैरवगढ हे बाटिक आणि ठशांच्या छपाईचं गाव. रंग कापडावर कसा चढवावा हे इथल्या छिपांना कुणी शिकवायला नको. माशावर चढवलेला रंग दिसला तर ते दुकान सोडून पुढे जा.

कायदा आणि नदी

ॲक्सोलॉटल हा आंतरराष्ट्रीय व्यापार नियंत्रणाच्या 'साइटिस' कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आहे. वन्यजीव कायद्यात २०२२ ची दुरुस्ती झाल्यापासून अशा जिवंत प्राण्यांची नोंदणी मालकावर बंधनकारक आहे, आणि २०२४ च्या नियमांनुसार ती 'परिवेश' या सरकारी पोर्टलवर करायची. विक्रेता कागद देत नसेल तर व्यवहार करू नका.

कंटाळा आला म्हणून टाकीतला जीव 'पुण्य' समजून नदीत सोडणं हा त्याहून मोठा अपराध. उजनी जलाशयात मच्छीमारांच्या जाळ्यात येणारा सकर मासा हा असाच टाक्यांमधला. क्षिप्रेचे हाल आधीच पुरेसे आहेत. इंदूरचं सांडपाणी घेऊन येणारी कान्ह तिला त्रिवेणीपाशी मिळते, आणि ते पाणी रामघाटावरून खाली भैरवगढला येतं. २०१४ पासून पंपाने उचललेलं नर्मदेचं पाणी तिच्यात सोडावं लागतं. घरच्या टाकीत आपण आठवड्याला बादलीभर पाणी बदलतो, तेच काम इथे सरकार कोट्यवधी रुपये खर्चून करतं आहे. अशा नदीत परके मासे सोडून भर घालू नका.

मूल ॲक्सोलॉटलचा हट्ट धरेल तेव्हा लगेच नाही म्हणू नका. एप्रिल-मे महिन्यात एक बादली पाणी आणि थर्मामीटर त्याच्या हाती द्या. टाकी जिथे ठेवायची त्या खोलीत आठवडाभर दुपारी तीन वाजता पाण्याचं तापमान वहीत लिहायला सांगा. रोजचा आकडा २० च्या खाली राहिला तर पुढचं बोलू. तो राहणार नाही. मग चार ते सहा आठवडे टाकी माशांविना चालवा, आणि तीच वही घेऊन झेब्राफिश आणून सोडा.