भंगारातील उच्चदाब

सपाट पडद्याचे दूरचित्रवाणी संच घरोघरी आल्यावर मागे फुगीर पाठ असलेले जुने संच परभणी, जिंतूर, सेलू, गंगाखेड येथील भंगाराच्या दुकानांत किलोच्या भावाने गेले, आणि इलेक्ट्रॉनिक्सचा नाद असलेल्यांना त्यांतील एक सुटा भाग मोलाचा वाटू लागला. टीव्ही मेकॅनिक ज्याला 'ईएचटी' म्हणतात तो हा ट्रान्सफॉर्मर, म्हणजे विद्युतदाब वाढवणारे वा उतरवणारे साधन, ६२५ रेषा आणि सेकंदाला २५ चित्रे या त्या काळच्या भारतीय प्रसारणाच्या हिशेबाने सेकंदाला १५,६२५ वेळा स्पंदतो आणि रंगीत संचाच्या चित्रनळीला सुमारे २५,००० व्होल्ट पुरवतो. वर पसरत जाणाऱ्या दोन तारांमधून ठिणगी चढत जाते ती 'याकोबची शिडी' हौशी मंडळी बहुधा याच भागावर करतात. ठिणगीने तापलेली हवा हलकी होऊन वर जाते आणि ठिणगीला सोबत नेते.

भंगारातच मिळणारा मायक्रोवेव्ह ओव्हनचा ट्रान्सफॉर्मर मात्र वेगळ्या जातीचा आहे. त्याचा दाब अवघा २,००० व्होल्टच्या आसपास असल्याने तो नवख्याला सौम्य वाटतो, पण ईएचटीतून काही मिलिअँपिअर प्रवाह मिळतो तिथे हा अर्धा अँपिअर सहज देतो, आणि हृदयाची लय बिघडायला त्याचा पाचवा हिस्साही पुरे होतो. घरातील ईएलसीबी, म्हणजे गळती ओळखून वीज तोडणारी कळ, इथे निरुपयोगी ठरते, कारण धक्क्याचा प्रवाह ट्रान्सफॉर्मरच्या दुसऱ्या वेटोळ्यातच फिरतो आणि मीटरकडच्या बाजूला त्याची गळती उमटतच नाही. शेजारचा कपॅसिटर, म्हणजे विद्युतभार साठवणारा डबा, प्लग काढल्यावरही भारलेला राहू शकतो. लाकडावर विजेची नक्षी जाळण्याच्या छंदात जगभर अनेकांचे प्राण गेले ते याच ट्रान्सफॉर्मरमुळे, त्यामुळे उच्चदाबासाठी तो वापरूच नये हे मत अतिरेकी म्हणता येत नाही.

त्याचा शहाणा उपयोग उलट दिशेचा आहे: उच्चदाबाचे वेटोळे कापून काढून जाड केबलचे दोन-तीन वेढे दिले, की दाब दोन-तीन व्होल्टवर उतरतो, प्रवाह शेकडो अँपिअर होतो आणि पातळ पत्रे जोडणारे स्पॉट वेल्डिंग यंत्र तयार होते, २३० व्होल्टच्या बाजूची जोखीम तेवढी उरतेच. काढलेल्या वेटोळ्याला भंगारात तांब्याचा भाव मिळेल असेही गृहीत धरता येत नाही, कारण अलीकडच्या कित्येक ट्रान्सफॉर्मरांत तांबूस लाखेखाली ॲल्युमिनियमची तार असते आणि ब्लेडने खरवडल्यावर ती पांढरी निघते.