सरदाराला मिळालं ते गाव की गावाचा वसूल?

‘आमच्या मूळ पुरुषाला लढाईतल्या पराक्रमाबद्दल गाव इनाम मिळालं,’ असं महाराष्ट्रातली अनेक घराणी सांगतात. सनद नीट वाचली तर तिथे इनामाऐवजी सरंजाम निघू शकतो. इनाम वंशपरंपरेने चाले. सरंजाम म्हणजे ठरावीक फौज बाळगून चाकरी करावी म्हणून तोडून दिलेला महसूल. जमीन कसणाऱ्याकडेच राही, पाटीलकी पाटलाकडे. सरदाराच्या हाती येई तो सरकारचा वाटा.

गैरसमज : शिवाजी महाराजांनी सरदारांना जहागिऱ्या वाटल्या.

महाराजांचा कल नेमका उलटा होता. सभासदाच्या बखरीनुसार घोडदळातल्या जुमलेदाराला वर्षाला 500 होन, हजारीला 1000, पंचहजारीला 2000 असं ठरलेलं वेतन होतं. मुलूख हाती आला की सरदार रयतेवर शिरजोर होतो आणि राजालाही जुमानत नाही, हे महाराजांनी आदिलशाहीत जवळून पाहिलं होतं.

पण रोख वेतन दिलं की राजाची जबाबदारी संपली, असं तिथे नव्हतं. 1659 मध्ये अफजलखानाचा पाडाव झाल्यावर काय झालं, ते सभासदाने लिहून ठेवलं आहे. पडलेल्यांच्या मुलांना चाकरीत घेतलं. ज्यांना मुलगा नव्हता त्यांच्या बायकांना अर्धं वेतन बांधून दिलं. जखमींना जखम पाहून 25 पासून 200 होनांपर्यंत रक्कम मिळाली. नामांकित लोकांना हत्ती, घोडे, कडी, पदकं दिली. काहींना गावंही मिळाली. पण गावं देणं हा रिवाज नव्हता. मला यात सर्वांत मोलाचं वाटतं ते विधवेचं अर्धं वेतन. साध्या शिपायाच्या घराचीही आठवण ठेवणारा तो दरबार होता.

गैरसमज : राजाराम महाराजांनी वतनं उधळली, हा त्यांचा दुबळेपणा.

1689 मध्ये रायगड पडला, छत्रपती जिंजीला गेले, खजिना रिकामा झाला आणि औरंगजेब मनसबीचं आमिष दाखवून मराठे फोडत होता. अशा वेळी 1691 मध्ये सरदार हणमंतराव घोरपड्यांना 6 लाख होनांच्या सरंजामाचं अभिवचन दिलं गेलं. ते टप्प्याटप्प्याने मिळायचं होतं : रायगड, विजापूर, भागानगर (हैदराबाद), औरंगाबाद घेतल्यावर काही आणि बाकीचं दिल्ली जिंकल्यावर. तिजोरीत काही नसताना राजाने जिंकायच्या मुलखातूनच बक्षीस नेमून दिलं. याला दुबळेपणा म्हणणं अन्यायाचं आहे. राज्य तगलं ते यामुळेही. किंमत मात्र पुढे मोजावी लागली. मुलूख असा वाटत गेलं की राज्यच उरत नाही, हा इशारा रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात आहे.

गैरसमज : सरंजाम एकदा मिळाला की घराण्याचाच.

सरदार वारला की वारसाला नव्याने मंजुरी घ्यावी लागे, सरकारात नजराणा भरावा लागे. पानिपतावर जनकोजी शिंदे पडले, पण शिंद्यांची सरदारी महादजींच्या नावे पक्की व्हायला 1768 च्या आसपासपर्यंत वाट पाहावी लागली. सरदाराच्या दिवाण, फडणीस, मुजुमदार अशा दरकदारांची (अधिकाऱ्यांची) नेमणूक हुजुरातून, म्हणजे पेशव्याच्या दरबारातून होई. त्यांना काढून टाकण्याचा अधिकार सरदाराला नसे. पुढे पुण्याचा वचक कमी झाला आणि मोठे सरंजाम व्यवहारात वंशपरंपरागत बनले, हेही खरं.

गैरसमज : बक्षिसं पुरुषांनाच.

1734 मध्ये होळकरांच्या दौलतीपासून वेगळी खासगी जहागीर मिळाली ती मल्हाररावांच्या पत्नी गौतमाबाईंना. ती पुढे अहिल्याबाईंकडे आली. देशभरातल्या देवळांवर आणि घाटांवर अहिल्याबाईंनी खर्च केला तो या खासगीतून. 1731 मध्ये डभईच्या लढाईत त्रिंबकराव दाभाडे पडले. ते पेशव्याविरुद्ध लढले होते, तरी शाहू महाराजांनी सेनापतिपद त्यांच्याच घरात ठेवलं आणि कारभार त्रिंबकरावांच्या आई उमाबाईंनी पाहिला.

इंग्रजी अमलात 1852 च्या कायद्याने इनाम कमिशन बसलं आणि घरोघरच्या सनदा तपासल्या गेल्या. उरलेसुरले सरंजाम स्वातंत्र्यानंतर मुंबई राज्याने 1952 च्या नियमांनी खालसा केले. तुमच्या घरी मोडीतली सनद असेल तर ती जाणकाराकडून वाचून घ्या. आपल्या पूर्वजाला काय मिळालं आणि कोणत्या अटीवर, हे त्यातच लिहिलेलं असतं.