गुरुवारी पाणी बंद : महापालिकेची एक नोटीस संशोधकाने कशी वाचावी?

पुण्यात काही काळ राहिलेल्या कुणालाही ही बातमी जवळपास पाठ असते. येत्या गुरुवारी अमुक जलकेंद्रात देखभाल-दुरुस्तीचं काम आहे, त्यामुळे खालील भागांचा पाणीपुरवठा बंद राहील, आणि शुक्रवारी सकाळी पाणी उशिरा व कमी दाबाने येईल. त्याखाली पेठा, कॉलन्या, सोसायट्या यांची लांबलचक यादी. लोक यादीत आपला भाग आहे का ते बघतात, बुधवारी रात्री पिंप-बादल्या भरून ठेवतात आणि नोटीस विसरून जातात.

तुम्ही पेटची तयारी करत असाल किंवा सिनॉप्सिससाठी विषय शोधत असाल, तर मात्र ही नोटीस विसरू नका. समाजशास्त्र, राज्यशास्त्र, भूगोल, सार्वजनिक आरोग्य, नगरनियोजन, कुठल्याही विषयात स्थानिक कारभारावर काम करायचं म्हटलं की अशाच कागदांशी गाठ पडते. ते फुकट मिळतात, मराठीत असतात आणि वर्षानुवर्षं एकाच साच्यात लिहिलेले असतात. म्हणजे तक्ता बनवायला एकदम सोपे. आणि म्हणूनच फसवे. कसे, ते आज या एका नोटिशीवरून बघू.

नोटीस नक्की कशाचा पुरावा आहे?

पहिला प्रश्न हाच विचारायचा. ‘गुरुवारी पाणी बंद राहील’ या वाक्यावरून गुरुवारी पाणी बंद होतं असं सिद्ध होत नाही. महापालिकेने तसं जाहीर केलं होतं, एवढंच सिद्ध होतं. काम पुढे ढकललं जातं, सणासुदीला बंद रद्द होतो, किंवा काम लांबतं आणि शुक्रवारचं पाणी शनिवारी येतं. रद्द झाल्याची बातमी वेगळी निघते. पाणी शनिवारी आल्याची बातमी बहुतेक वेळा निघतच नाही.

त्यामुळे तक्ता करताना निदान चार रकाने वेगळे ठेवा : नोटीस कधी निघाली, बंद कधीसाठी जाहीर झाला, तो प्रत्यक्षात कधी झाला, आणि हे आपल्याला कुणाकडून कळलं. पहिले दोन रकाने कागदावरून भरता येतात. तिसऱ्यासाठी जलकेंद्राचं लॉगबुक, व्हॉल्व्हमन किंवा तिथे राहणारी माणसं यांच्याकडे जावं लागतं. आणि तिसरा रकाना रिकामा असेल तर तो रिकामाच ठेवायचा. दुसऱ्यातली तारीख उचलून तिसऱ्यात टाकायची नाही. हे सांगायला सोपं आहे, पण शंभर नोंदी भरून झाल्यावर हात आपोआप तिकडे जातो, म्हणून आधीच बजावतोय.

यादीत कोण नाही?

आता मुख्य मुद्द्याकडे येऊ. समजा तुम्ही तीन वर्षांच्या नोटिसा गोळा केल्या आणि कोणत्या भागाचं नाव किती वेळा आलं ते मोजलं. अ भागाचं नाव ३० वेळा आलं, ब भागाचं १२ वेळा, क भागाचं एकदाही नाही. (हे आकडे फक्त उदाहरणासाठी आहेत.) पटकन काय निष्कर्ष निघतो? अ भागात पाण्याचा त्रास सगळ्यात जास्त, क भागात अजिबात नाही.

पण थांबा. पाणी ‘बंद’ व्हायला आधी ते यावं लागतं. पुण्याचं पाणी मुख्यतः खडकवासला, पानशेत, वरसगाव आणि टेमघर या धरणांतून येतं. ते पर्वती, वारजे, वडगाव, लष्कर अशा जलकेंद्रांत शुद्ध होऊन पुढे नळांना जातं. जो भाग या केंद्रांवर अवलंबूनच नाही, जिथे टँकर, बोअर किंवा विहिरीवर भागतं, त्याचं नाव बंदच्या यादीत येण्याचं कारणच नाही. तेव्हा क भागाच्या शून्याचे दोन अर्थ होऊ शकतात. एक, तिथला पुरवठा इतका चांगला आहे की कधी बंदच पडत नाही. दुसरा, तिथे बंद पडण्यासारखा पुरवठाच नाही. तक्त्यात हे दोन्ही शून्य सारखेच दिसतात.

ही नुसती कल्पनेतली अडचण नाही. पुणे महापालिकेत २०१७ मध्ये ११ गावं घेतली गेली आणि जून २०२१ च्या अखेरीला आणखी २३. त्यांतल्या बऱ्याच ठिकाणी इमारती आधी उभ्या राहिल्या, जलवाहिनी मागून येतेय. या गावांमधल्या सोसायट्यांचा टँकरवरचा खर्च हा तिथल्या रोजच्या बोलण्यातला विषय आहे. पण फक्त नोटिसा मोजणाऱ्याला ही गावं सुखी दिसतील.

याची किंमत काय असू शकते, ते जानेवारी २०२५ मध्ये दिसलं. गुइलेन बॅरे सिंड्रोम, म्हणजे जीबीएस, या एरवी दुर्मीळ आजाराचे रुग्ण पुण्यात अचानक वाढले. सिंहगड रस्ता, नांदेड गाव, किरकटवाडी, धायरी हा परिसर सगळ्यांच्या तोंडी आला. काही रुग्णांच्या नमुन्यांत कॅम्पायलोबॅक्टर जेजुनाय हा जिवाणू सापडला. तो दूषित पाण्यातून किंवा अन्नातून शरीरात जातो. साहजिकच लक्ष पाण्याकडे गेलं आणि नांदेड गावातल्या विहिरीची चर्चा सुरू झाली. जलकेंद्रात होते तशी पूर्ण प्रक्रिया या गावांना मिळणाऱ्या पाण्यावर होत नव्हती, हेही तेव्हा पुढे आलं. नांदेड आणि किरकटवाडी ही २०२१ मध्ये आलेल्या २३ गावांपैकीच. नीट बघा : महापालिकेची हद्द तिथे पोहोचली होती, पण जलकेंद्राचं पाणी पोहोचलं नव्हतं. नोटिशीच्या यादीतला ‘शून्य’ नेमका इथला असतो.

प्रश्न विचारणारं कुणी होतं का?

तुम्ही म्हणाल, ठीक आहे, नोटिसा सोडू, तक्रारी मोजू. किंवा सभांची इतिवृत्तं वाचू. चांगला विचार आहे, फक्त तिथेही हाच शून्य तुमची वाट बघतोय.

तक्रारींचा आकडा त्रास मोजत नाही, तक्रार करणं मोजतो. ज्याला ॲप वापरता येतं, ज्याच्याकडे पाठपुरावा करायला वेळ आहे, आणि मुख्य म्हणजे तक्रार केल्यावर काहीतरी होतं असा ज्याला अनुभव आहे, तो तक्रार करतो. दहा वर्षं टँकरवर काढलेला माणस टँकर उशिरा आला म्हणून महापालिकेला कळवत नाही. तो टँकरवाल्याला फोन करतो. ती तक्रार कुठल्याच सरकारी नोंदीत येत नाही.

इतिवृत्ताचंही तसंच. ७४ व्या घटनादुरुस्तीने (ती १ जून १९९३ पासून लागू झाली) तीन लाख किंवा त्याहून जास्त लोकसंख्येच्या शहरांत प्रभाग समित्या असाव्यात असं कलम २४३-ध मध्ये आणलं. कलमाचं अक्षर वेगवेगळ्या मराठी प्रतींत तपासून घ्या. इंग्रजी प्रतीत ते २४३ एस आहे. या समितीत नगरसेवक वस्तीतले प्रश्न मांडतात आणि ते कागदावर येतात. अभ्यासासाठी अगदी उत्तम साधन. मात्र पुणे महापालिकेच्या नगरसेवकांची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली, निवडणूक वेळेत झाली नाही आणि कारभार प्रशासकाकडे गेला. त्यानंतरच्या प्रशासकाच्या काळातले नगरसेवकांचे प्रश्न इतिवृत्तात सापडणार नाहीत. तुमच्या आलेखात रेघ मार्च २०२२ ला एकदम खाली येईल. त्या महिन्यात प्रश्न संपले नव्हते. ते विचारणारी खुर्ची रिकामी झाली होती.

आता त्या २३ गावांचा विचार करा. महापालिकेत येण्याआधी तिथे ग्रामपंचायत होती, ग्रामसभा भरायची, आणि भांडणासकट सगळं इतिवृत्तात उतरायचं. २०२१ च्या मध्यावर ती नोंद थांबली. महापालिकेसाठी मत देण्याची संधी यायच्या आतच, आठ-नऊ महिन्यांत, सभागृहाची मुदत संपली. म्हणजे ग्रामसभा गेली आणि आपण निवडलेला नगरसेवकही आला नाही. नेमक्या ज्या काळात तिथलं पाणी, रस्ते, कचरा यांचा ताण वाढत होता, त्याच काळात तिथल्या लोकांचं म्हणणं लिहून ठेवणारी जागा नाहीशी झाली.

या लेखातली एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ही ठेवा : स्थानिक नोंदीत शून्य दिसला की आधी तिथे नोंद करणारं कुणी होतं का, ते तपासा. ‘त्रास नाही’ असं लिहायचा अधिकार त्यानंतरच मिळतो. ही काळजी नुसती व्हायवासाठी नाही. तक्रारींच्या आकड्यांवरून निधी कुठे द्यावा अशी शिफारस तुम्ही शेवटच्या प्रकरणात लिहिलीत, तर ज्यांचा आवाज आधीच पोहोचतो त्यांनाच आणखी मिळेल, आणि त्या शिफारशीवर तुमच्या संशोधनाचा शिक्का असेल.

मग करायचं काय?

एकाच त्रासाच्या वेगवेगळ्या खुणा शोधायच्या. पाणी आलं नाही तर माणूस काय करतो? टँकर मागवतो. म्हणून महापालिकेच्या टँकर भरणा केंद्रांवरच्या नोंदी बघा. सोसायटीच्या वार्षिक हिशेबात टँकरचा खर्च वेगळा लिहिलेला असतो. सेक्रेटरींना नीट भेटून, कशासाठी हवा ते सांगून विचारलंत तर बरेच जण दाखवतात. अंदाजपत्रकात त्या भागासाठी जलवाहिनीची तरतूद कधी झाली आणि किती खर्च पडला, हे दोन्ही बघा. तरतूद म्हणजे काम नव्हे.

कागद मिळवण्यासाठी माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ आहेच. अर्ज लिहिताना एक गोष्ट सांभाळा. या कायद्याखाली कार्यालयाकडे नोंदीच्या रूपात असलेली माहिती मिळते, कारणमीमांसा नाही. ‘आमच्याकडे पाणी का येत नाही?’ या प्रश्नाला उत्तर मिळणार नाही. ‘अमुक तारखेपासून तमुक तारखेपर्यंतच्या टँकर फेऱ्यांच्या नोंदवहीच्या प्रती द्याव्यात’ या मागणीला द्यावं लागतं, साधारणपणे ३० दिवसांत. शिवाय कायद्यात कागदपत्रांची प्रत्यक्ष पाहणी करण्याचाही हक्क आहे. नवख्या संशोधकाने आधी पाहणी मागावी असं मी सुचवेन, कारण नोंदवहीचे रकाने कसे आहेत हे डोळ्यांनी बघितल्याशिवाय नेमकं काय मागायचं ते कळत नाही.

सोसायटीच्या आणि वस्तीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर खरी बातमी सगळ्यात आधी येते, हे खरंच. पण तुम्ही तिथले सदस्य आहात म्हणून ते मेसेज तुमचा डेटा होत नाहीत. लोकांनी शेजाऱ्यांसाठी लिहिलंय, तुमच्या प्रबंधासाठी नाही. परवानगी घ्या, नावं आणि फ्लॅट नंबर काढून टाका, आणि कुणी नाही म्हणालं तर विषय तिथेच सोडा. वेबसाइटवरच्या नोटिसांच्या बाबतीत उलटी काळजी : जुनी नोटीस कधी काढली जाईल याचा भरवसा नाही, म्हणून दिसली की तारखेसकट प्रत जपून ठेवा.

या आठवड्यात एवढं करून बघा. तुमच्या गावातली किंवा शहरातली पाणी, कचरा किंवा रस्त्याची एक नोटीस घ्या. हद्दीचा नकाशा समोर ठेवून नोटिशीत आलेली नावं त्यावर खुणा करत जा. मग ज्या भागावर एकही खूण पडली नाही त्यातला एक निवडा आणि सकाळी पाण्याच्या वेळेला तिथे जा. कुणाला काही विचारण्याआधी अर्धा तास नुसतं बघा : नळावर कोण आहे, टँकर उभा आहे का, हंडे कुठून कुठे चाललेत. जे दिसलं ते तारीख-वेळेसह लिहा. तुमच्या तक्त्यातल्या त्या शून्यासमोर ही पहिली नोंद असेल.

पुढच्या लेखात माहिती अधिकाराच्या अर्जातलं एकेक वाक्य कसं लिहायचं, ते नमुन्यासह बघू.