कलम जिवंत आहे का?

एक गोवेकर गृहस्थ. मुंबईत मालमत्ता, पदरी तीन मुली. १९५७ साली त्यांनी मृत्युपत्र करून ती मालमत्ता धाकटीला दिली आणि १९६७ मध्ये ते वारले. थोरल्या दोघींचा हक्क बुडाला का? मुंबईचा वकील म्हणेल, स्वकष्टार्जित मालमत्ता आहे, मृत्युपत्र आहे, विषय संपला. गोव्याचा वकील मात्र १८६७ ची पोर्तुगीज नागरी संहिता उघडतो.

व्हिस्कोंद द सिआब्रा यांनी मसुदा केलेली ही २,५३८ कलमांची संहिता १ जुलै १८७० पासून गोव्यात लागू झाली. पोर्तुगालने १९६७ मध्ये नवी संहिता आणली. पण गोवा १९६१ मध्येच मुक्त झाला होता आणि १९६२ च्या कायद्याने इथले जुने कायदे बदल होईपर्यंत चालू ठेवले होते. जिथे संहिता जन्मली तिथे ती इतिहासजमा झाली. गोव्यात तिची कलमे कोर्टात अजून वाचली जातात.

म्हणून इथल्या संशोधनाची वाट वेगळी. उर्वरित भारतात आपण बहुतेकदा आधी निवाडे शोधतो. इथे आधी कलम, मग भाष्य, मग निवाडा. कलमाचे इंग्रजी भाषांतर सरकारने २०१८ मध्ये प्रसिद्ध केले, पण शब्दावर वाद झाला की मूळ पोर्तुगीज वाक्याकडे जावे लागते. भाष्यांत जुझे दियश फेरैरा यांचे जुने भाष्य आहे, तसाच लुईश द कुन्य गोन्साल्विश यांचा अनेक खंडांचा ग्रंथ आहे. हे गोन्साल्विश गोव्यातच जन्मले.

खरी कसोटी पुढच्या प्रश्नात आहे: हे कलम आज जिवंत आहे का? विवाह आणि घटस्फोटावर १९१० चे हुकूमनामे आले. हिंदूंच्या रूढींसाठी १८८० चा वेगळा हुकूमनामा आहे. दाव्याच्या मुदतीबद्दल २००१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की संहितेतली मुदत नव्हे, १९६३ चा मुदत कायदा चालेल. वारसाहक्कासाठी गोव्याचा स्वतःचा कायदा २२ डिसेंबर २०१६ पासून अमलात आला. तरीही त्याआधी वारलेल्या माणसाच्या वारशासाठी जुनीच कलमे चाळावी लागतात. मृत्यूची तारीख पाहिल्याशिवाय पुस्तक उघडायचे नाही, हा इथला धडा.

कायदा सापडला तरी कागद राहतात. गोव्यातले जुने खरेदीखत हातात घ्या. त्यात लिहिलेले असते: जमिनीचा तपशील जमीन-नोंदणी कार्यालयाच्या 'बी' पुस्तकात अमुक क्रमांकाला, अमुक पानावर. मालकाची नोंद 'जी' पुस्तकात. महसुलाची नोंद 'मात्रीज'मध्ये. चतुःसीमा शेजाऱ्यांच्या नावांनी लिहिलेल्या. या तिन्ही नोंदी जुळवून मग आजच्या जमीन-नोंदीच्या 'एक-चौदा' उताऱ्याशी ताडून पाहायच्या. सोबत लग्नाची नोंद हवीच, कारण लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर साधारणपणे पतिपत्नीची मालमत्ता निम्मी-निम्मी असते. त्याहून मागे जायचे तर पणजीचे पुराभिलेखागार आहे. तिथे पोर्तुगीज बाडांशेजारी मोडीतले कागदही जपलेले आहेत.

त्या तीन मुलींचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयात पोहोचला. १३ सप्टेंबर २०१९ च्या निकालाने ठरवले, की ही संहिता आता भारतीय कायदाच आहे आणि गोव्याचा अधिवासी असलेल्या माणसाची मालमत्ता देशात कुठेही असली तरी तिच्या वारशाला तीच लागू होते. संहितेप्रमाणे बापाला मृत्युपत्राने आपल्या मालमत्तेपैकी फक्त निम्मी वाटता येते. उरलेली निम्मी मुलांसाठी राखीव. तिला 'लेजितिमा' म्हणतात. एका जुन्या कलमाने लेकींचा हिस्सा वाचवला.

असा हिस्सा वाचवायचा तर ते कलम वाचणारे कुणी हवे. मुक्तीपूर्वी पोर्तुगीजमध्ये शिकलेली पिढी आता फार थकली आहे. गोव्यात वकिली करू पाहणाऱ्या प्रत्येक मुलामुलीने पोर्तुगीज शिकावी, जमल्यास मोडीही. आणि ज्यांचे मूळ गोव्यात आहे त्यांना एवढीच विनंती: आजोबांच्या पेटीतला पोर्तुगीज कागद वाचता येत नाही म्हणून रद्दीत टाकू नका. त्यात कुणाचा तरी हक्क लिहिलेला असू शकतो.